हळदीच्या ऑर्डरची एक्सेल उघडायला पाच-पाच मिनिटं? नवा लॅपटॉप घेण्याआधी हे करून बघा

हिंगोली : वसमत हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पावडर, सेलम, लोणचं, डाळी ऑनलाइन विकणारे बचत गट, शेतकरी कंपन्या आणि घरची पोरं जिल्ह्यात आता ठिकठिकाणी दिसतात. माल चांगला असतो, पॅकिंगही जमतं. गाडी अडते ती हिशोबाच्या शीटवर. सुरुवातीला शंभर ऑर्डरची असलेली एक्सेल वर्ष-दोन वर्षांत वीस हजार ओळींची होते. मग एक आकडा टाकला की गोल चकरी फिरत राहते. "लॅपटॉप जुना झाला" असं म्हणून पंचवीस-तीस हजार खर्च करायची तयारी होते. बहुतेक वेळा दोष लॅपटॉपचा नसतो.

शीट हळू चालते म्हणजे नुसता वेळ जातो असं नाही. अडकणारी शीट माणूस रोज उघडायचं टाळतो. मग स्टॉक संपलेला असतानाही वेबसाइटवर माल दिसत राहतो, ऑर्डर येते, ती रद्द करावी लागते आणि विक्रेत्याच्या खात्याचं रेटिंग घसरतं. परत आलेल्या पार्सलचा क्लेम ठरलेल्या मुदतीतच करावा लागतो, ती मुदत निघून जाते. शिवाय ई-कॉमर्स कंपन्या जीएसटीचा टीसीएस कापतात. १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का आहे. हा पैसा तुमचाच असतो, पण जीएसटी पोर्टलवर जाऊन तो पदरात पाडून घ्यावा लागतो. ऑर्डर आणि जमा रकमेचा मेळच लागला नाही, तर किती कापले अन् किती मिळाले हे कळणार कसं?

आता शीट नेमकी कशाने दमते ते बघू. सगळ्यात मोठं कारण म्हणजे व्हीलूकअप. एका पानावर ऑर्डर, दुसऱ्या पानावर कंपनीकडून आलेलं पेमेंट, आणि ऑर्डर नंबरवरून रक्कम शोधून आणणारा फॉर्म्युला. मोंढ्यात आडत्याकडे वीस हजार पट्ट्यांचा गठ्ठा पडलाय आणि प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी शोधताना मुनीम पहिल्या पट्टीपासून सुरुवात करतोय असं समजा. सरासरी दहा हजार पट्ट्या चाळल्यावर एक सापडणार. वीस हजार ऑर्डरसाठी हे केलं की झाले वीस कोटी वेळा बघणं! जुन्या एक्सेलमध्ये आणि कमी रॅमच्या मशीनवर इथंच चकरी फिरते. नव्या एक्सेलमध्ये हे काम बरंच वेगाने होतं, पण गावाकडच्या मशीनवर बहुधा जुनंच असतं.

यावर उपाय सोपा आहे. ज्या महिन्याचा हिशोब मिटला, रक्कम बँकेत आली, त्या ओळींत फॉर्म्युला ठेवायची गरजच काय? आधी फाइलची एक कॉपी करून बाजूला ठेवा. मग तो कॉलम सिलेक्ट करून कॉपी करा आणि त्याच जागी पेस्ट स्पेशलमधून 'व्हॅल्यूज' निवडा. आकडे तेच राहतात, फॉर्म्युला निघून जातो. मग शोधाशोध फक्त चालू महिन्याच्या ओळींची होते. फॉर्म्युल्यात सगळा कॉलम देण्याऐवजी जिथवर डेटा आहे तिथपर्यंतचीच रेंज द्या. गुगल शीटमध्ये याने विशेष फरक पडतो.

दुसरं कारण लवकर लक्षात येत नाही. 'रिटर्नला किती दिवस झाले' हे बघायला अनेक जण प्रत्येक ओळीत टुडे हा फॉर्म्युला टाकतात. टुडे, नाऊ, ऑफसेट, इनडायरेक्ट ही मंडळी अशी आहेत की शीटमध्ये कुठंही काही बदललं की पुन्हा पहिल्यापासून हिशोब करतात. कोपऱ्यातला एखादा शब्द दुरुस्त केला तरी! टुडे एकाच चौकटीत ठेवून बाकी ओळी तिला जोडल्या तरी एक्सेलमध्ये त्या सगळ्या परत मोजल्या जातातच. त्यापेक्षा रोज सकाळी एका चौकटीत हाताने तारीख टाका. कंट्रोल आणि अर्धविरामाचं बटण दाबलं की आजची तारीख आपोआप येते. बाकी ओळी त्या चौकटीवरून दिवस काढतील.

एक्सेलमध्ये कॅल्क्युलेशन 'मॅन्युअल' करून एफ-९ दाबेपर्यंत हिशोब थांबवताही येतो. हा सल्ला मोबाइलवरच्या व्हिडिओंत सर्रास मिळतो. पण एफ-९ दाबायचं विसरलं की जुनीच बेरीज खरी वाटते, आणि त्याच वेळी उघडलेल्या दुसऱ्या फाइललाही हीच सेटिंग लागते. स्टॉकच्या शीटला हे न केलेलंच बरं.

कंट्रोल आणि एंड दाबून बघा. डेटा वीस हजार ओळींवर संपतो, पण कर्सर लाखाच्या पुढं जाऊन थांबला, तर तिथं कधीतरी दिलेले रंग, बॉर्डर पडून आहेत. नुसतं डिलीटचं बटण दाबून ते जात नाहीत. त्या ओळी सिलेक्ट करून राइट क्लिकने पूर्ण काढा आणि फाइल सेव्ह करा. रंग आपोआप बदलणारे कंडिशनल फॉरमॅटिंगचे नियमही ओळी कॉपी करताना शेकड्यांनी वाढतात, 'मॅनेज रूल्स'मध्ये जाऊन तेही साफ करा. पार्सलचे फोटो शीटमध्ये चिकटवत असाल तर ते फोल्डरमध्ये ठेवून फक्त लिंक द्या.

मर्यादाही माहीत असाव्यात. आजच्या एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी बसतात. जुन्या एक्सएलएस प्रकारात फक्त ६५,५३६. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याने कोरोना रुग्णांची यादी या जुन्या प्रकारात घेतली आणि १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटले. त्यामुळे सायबर कॅफेत फाइल सेव्ह करताना शेवटी एक्सएलएसएक्स आहे ना, एवढं बघाच. गुगल शीटला १ कोटी चौकटींची मर्यादा आहे आणि त्यात रिकाम्या चौकटीही धरतात. २६ कॉलम ठेवले तर ३ लाख ८४ हजार ओळींतच ती भरते, म्हणून उजवीकडचे रिकामे कॉलम काढून टाका.

आणि फोनवर काम करणाऱ्यांसाठी : दोन वर्षांची सगळी शीट फोनवर उघडूच नका. दर आर्थिक वर्षाला, म्हणजे १ एप्रिलला, नवी फाइल करा. गुगल शीटमध्ये एक वेगळी छोटी फाइल बनवा. त्यात इंपोर्टरेंजने मोठ्या फाइलमधल्या फक्त बेरजा आणा : शिल्लक किलो, आजच्या ऑर्डर, येणं बाकी. पावडर दळणाऱ्या ताईंना आणि पार्सल नेणाऱ्या पोराला हीच लिंक द्या, तीही फक्त बघण्याच्या परवानगीची. मोठ्या फाइलमध्ये लिहिण्याचा हक्क एक-दोघांकडेच ठेवा. तरीही काही उडालंच, तर गुगल शीटच्या फाइल मेन्यूत 'व्हर्जन हिस्टरी' आहे, तिथून आधीची शीट परत आणता येते.