ताप उतरला, पण पोट दुखतंय

पहिले तीन-चार दिवस मूल तापाने फणफणलेलं असतं. मग एका सकाळी अंग थंड लागतं आणि घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. आजी मऊ भात कालवते. मूल दोन घास खाऊन उलटी करतं, पोट धरून आडवं होतं. ‘उपाशीपोटी गोळ्या घेतल्या, त्यानं दुखत असेल,’ म्हणून तो दिवस घरीच काढला जातो. डेंग्यूत नेमका तोच दिवस धोक्याचा.

तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, बहुधा ताप उतरतानाच, केशवाहिन्यांचं आतलं अस्तर सैल पडतं. कोऱ्या माठातून पाणी पाझरावं तसा रक्तातला द्रव बाहेर झिरपतो आणि पोटात, फुप्फुसांभोवती साठतो. लाल पेशी आतच राहतात, म्हणून उरलेलं रक्त दाट होतं. रक्ततपासणीतला हिमॅटोक्रिटचा आकडा आधीपेक्षा २० टक्क्यांनी चढला, तर गळती बरीच झाली असं धरतात. मुलांच्या केशवाहिन्या मुळातच जास्त पाझरतात. त्यामुळे मोठ्यांपेक्षा मुलं लवकर शॉकमध्ये जातात, म्हणजे त्यांचं रक्ताभिसरण कोलमडतं.

पोटदुखीची मुळं इथेच आहेत. यकृत सुजतं, उजव्या बरगडीखाली नुसतं दाबलं तरी मूल कळवळतं. पित्ताशयाची एरवी ३ मिलिमीटरहून पातळ असणारी भिंत पाण्याने फुगून जाड होते. क्वचित स्वादुपिंडालाही सूज येते. कधी दुखणं उजवीकडे खाली उतरतं आणि थेट अपेंडिक्सचीच शंका येते. अशा वेळी घाईने टेबलावर घेणं जिवावर बेतू शकतं, कारण प्लेटलेट उतरलेल्या असतात आणि रक्तस्राव आवरणं कठीण जातं. सोनोग्राफीत पित्ताशय सुजलेलं पण खडा एकही नाही, पोटात थोडं पाणी, आणि आठवडाभरात ताप येऊन गेलेला, एवढं जुळलं की आधी डेंग्यूची तपासणी हवी. पित्ताशयाची ही सूज बहुतेकदा काही दिवसांत आपोआप ओसरते.

आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘पेशी किती?’ या पेशींवर, म्हणजे प्लेटलेटवर, लक्ष हवंच. पण पेशींच्या आकड्यापायी पोटाकडे दुर्लक्ष होतं, हे मला फार काळजीचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये डेंग्यूच्या धोक्याच्या खुणा सांगितल्या, त्यांत पोटदुखी आणि न थांबणारी उलटी आहे. आईवडिलांनी हिमॅटोक्रिट विचारावं, शेवटची लघवी कधी झाली ते सांगावं, हातपाय गार पडलेत का ते पाहावं. शॉकच्या सुरुवातीला मूल शुद्धीवर असतं, बोलतं. रक्तदाबाचा वरचा आकडाही ठीक दिसतो. पण वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालेलं असतं.

ताप-दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉलही वजनाच्या हिशेबानेच. यकृत आधीच सुजलेलं असतं.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास बसवकल्याणच्या त्रिपुरांत तलावात वाढत नाही. तो वाढतो नळाचं पाणी भरून ठेवलेल्या ड्रममध्ये, हौदात, रांजणात. त्याची अंडी कोरड्या कडेला महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासावी लागते. कर्नाटक सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये डेंग्यूला साथरोग जाहीर केलं आणि घरात डासांची पैदास आढळल्यास शहरात ४०० रुपये, खेड्यात २०० रुपये दंड ठेवला.

बसवकल्याणहून बिदरचं किंवा कलबुर्गीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ८० किलोमीटरवर. मूल पोट धरून बसलं, सारखं ओकतंय, मलूल पडलंय, तर संध्याकाळची वाट न पाहता निघावं. गळतीचा काळ २४ ते ४८ तासांचाच असतो. त्यात सलाईन मोजून, तासातासाला तपासून द्यावं लागतं. त्यानंतर झिरपलेला द्रव आपोआप रक्तात परततो, मूल भरपूर लघवी करतं, भूक लागते. अशा वेळी डॉक्टर सलाईन काढतात, तेव्हा ‘अजून एक बाटली लावा, अंगात ताकद नाही’ असा आग्रह धरू नये. ते जादा पाणी फुप्फुसांत साठून बरं होत आलेल्या मुलाला धाप लागते.