बाळाची नोंद झाली, नाव राहिले!

दवाखान्यात बाळंतपण झाले की नोंद आपोआप होते, असा आपल्या वस्तीतील माताभगिनींचा समज. तो खरा, पण अर्धाच. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे २१ दिवसांत कळविण्याची जबाबदारी रुग्णालयाची. घरी जन्म झाला तर कुटुंबप्रमुखाची. पालिकेचा आरोग्य विभाग नोंद घेतो. तेव्हा नाव ठरलेले नसते, रकाना कोरा राहतो. १२ महिन्यांत नाव कळविल्यास पैसा पडत नाही. पुढे विलंब शुल्क.

एका बिगारी भगिनीसोबत आम्ही एका पालिका कार्यालयात तीन खेपा घातल्या. दाखल्यावर बापाचे आडनाव चुकलेले. दर खेपेला तिचा रोज बुडाला. आम्ही स्वतः कारकून. पण खिडकीबाहेर उभे राहिल्यावर कारकुनाचे 'उद्या या' किती महाग पडते ते कळले!

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदार यादी, सरकारी नोकरी यांसाठी हाच दाखला जन्माचा पुरावा आहे. तेव्हा बंधूंनो, दवाखान्यातून निघण्याआधी फॉर्मवरची नावे वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शेजारची शिकलेली पोरगी सोबत न्या.