दावीद राजा परत येतो तेव्हा

दावीद म्हटलं की मुलांना गोफण आठवते. बारक्या मेंढपाळ पोराने गल्याथाला लोळवलं, टाळ्या, गोष्ट संपली. पण हाच दावीद म्हातारपणाकडे झुकल्यावर स्वतःच्या मुलाला घाबरून राजधानी सोडून पळाला आणि नंतर परत आला, हा भाग आपण मुलांना सहसा सांगत नाही. बायबलमध्ये शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, १५ ते १९ या अध्यायांत तो आहे. माझ्या मते गोफणीपेक्षा शिकवण्यासारखं त्यात जास्त आहे.

आधी घडलं काय ते थोडक्यात बघू. अबशालोम या मुलाने बंड केलं. दावीद अनवाणी, रडत, किद्रोन ओहोळ ओलांडून जैतुनाच्या डोंगरावर चढला. (येशूही अटकेच्या रात्री हाच ओहोळ ओलांडून गेला, म्हणून ख्रिस्ती वाचक इथे हमखास थांबतात.) पुढे यार्देन नदीपलीकडे महनाईम गावात तो राहिला. लढाई झाली, अबशालोम मारला गेला, बंड मोडलं.

आता जिंकलेला राजा सरळ घोड्यावर बसून राजधानीत जाईल, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. दावीद नदीपलीकडेच थांबतो. लोकांनी अबशालोमाला राजा मानलं होतं, आता परत बोलवायचं कुणी, यावर त्यांच्यात वाद चालू आहे. दावीद यहूदाच्या वडीलधाऱ्यांना निरोप धाडतो : तुम्ही माझ्या हाडामांसाचे, मग मला न्यायला तुम्हीच मागे का? आणि बंडखोरांचा सेनापती अमासा, त्यालाच तो आपला सेनापती करायचं कबूल करतो. आपल्याकडे राम वनवासातून परतला तेव्हा सिंहासनावर पादुका ठेवून भरत वाट बघत होता. इथे सिंहासनावर मुलगाच बसला होता आणि गाव त्याच्या बाजूने गेलं होतं. त्यामुळे परतणं म्हणजे ज्यांनी घालवलं त्यांच्यातच पुन्हा राहायला जाणं. ख्रिस्ती चिंतनात या थांबण्याला फार मोल आहे : राजा दार फोडत नाही, बोलावण्याची वाट बघतो.

परत घेणारे तयार आहेत का, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या इतिहासालाही चिकटलेला आहे. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलगा वडिलांच्या ताब्यात मिळाला. घरी आला खरा, पण जातीत आला का? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं अशी बाजू घेतली, तर कर्मठ मंडळी त्यांच्यावरच उलटली. हेच नारायण शेषाद्री पुढे जालन्यात आले आणि त्यांनी शहराजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. बेथेल म्हणजे हिब्रू भाषेत देवाचं घर.

पुन्हा नदीकाठी येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. पळताना दावीदाला शिव्या देत दगड मारणारा शिमी आता पाया पडायला सगळ्यांच्या आधी हजर! दावीद त्याला जीवदान देतो. मग येतो मफीबोशेथ, शौलाचा लंगडा नातू. राजा गेल्यापासून याने पाय धुतले नाहीत की कपडे. सीबा या नोकराने मात्र आधीच राजाचे कान भरून त्याची सगळी जमीन आपल्या नावे करून घेतली होती. खरं कोण बोलतंय? दावीद चौकशी करत नाही. म्हणतो, जमीन अर्धी अर्धी वाटून घ्या. मला हा निकाल पटत नाही. वर्गात दोघं भांडली की ‘दोघेही उभे राहा’ म्हणून आपण मोकळे होतो, तसलाच हा प्रकार. मफीबोशेथ म्हणतो, सगळीच त्याला घेऊ द्या, धनी सुखरूप आले यात सगळं आलं. हा प्रसंग सातवी-आठवीच्या मुलांपुढे ठेवून बघा, आणि निकाल त्यांनाच द्यायला सांगा.

आपल्या तीर्थपुरीच्या पट्ट्यात ऊसतोडीहून मुलं वर्षाच्या मधेच शाळेत परततात. पहिल्या दिवशी त्यांच्या बाकावर दुसरंच कुणी बसलेलं असतं. ‘इतके दिवस कुठं होतास रे?’ हे आपण कोणत्या सुरात विचारतो, त्यावर ते पोर दुसऱ्या दिवशी येणार की नाही हे ठरतं. यहूदाच्या वडीलधाऱ्यांची गोष्ट मला म्हणूनच जवळची वाटते. पुढाकार त्यांनी घ्यायचा होता.

परतीचा सोहळा गोड झाला असंही नाही. राजाला नदीपार आणण्याचा मान कुणाचा, यावर यहूदा आणि इस्राएल तिथेच भांडले, त्यातून शबा नावाच्या माणसाने नवं बंड केलं, आणि त्या गडबडीत अमासाचा खून झाला.

या सगळ्यात ८० वर्षांचा बर्जिल्लय वेगळा दिसतो. महनाईमात राजाला गहू, सातू, डाळी, मध, दही पोचवणाऱ्यांपैकी हा एक. दावीद म्हणतो, चल माझ्याबरोबर, तुला सांभाळतो. तो म्हणतो, आता मला जेवणाची चव कळत नाही, गाणं ऐकू येत नाही, मला माझ्या गावात मरू द्या, हा किम्हाम तेवढा घेऊन जा. मरताना दावीदाने शलमोनाला बर्जिल्लयाच्या मुलांना आपल्या पंक्तीला बसवायला सांगितलं. आणि त्याच बोलण्यात शिमीला सोडू नकोस, असंही.