लाल रेघ म्हणजे चूक नव्हे

शाळेच्या वहीत गुरुजींनी लाल शाईने ओढलेल्या रेघेचा धाक आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात अजून शिल्लक आहे. म्हणूनच संगणकावर एखादे पत्र टाइप करताना शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटली, की आपण चपापतो आणि घाईघाईने तो शब्द बदलून टाकतो. पण गुरुजींना शब्द ठाऊक असायचा. यंत्रापाशी असते ती मुख्यतः शब्दांची यादी. त्या यादीत तुमचा शब्द सापडला नाही, एवढाच या रेघेचा अर्थ. यंत्र म्हणत असते, ‘हा शब्द मला माहीत नाही’; आपण मात्र ऐकतो, ‘तुला लिहिता येत नाही’!

या तपासनिसाचा जन्मच यादीतून झाला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत लेस अर्नेस्ट यांनी १९६१ च्या सुमारास हस्ताक्षर ओळखण्याच्या प्रयोगासाठी नेहमीच्या दहा हजार शब्दांची यादी वापरली. पुढे १९७१ मध्ये स्टॅनफर्ड येथे राल्फ गोरिन यांनी ‘स्पेल’ हा प्रोग्रॅम लिहिला. एखादे अक्षर चुकले वा दोन अक्षरांची अदलाबदल झाली, तर तो जवळचा शब्द सुचवीत असे. टाइप करता करताच उमटणारी लाल रेघ मायक्रोसॉफ्ट वर्डच्या १९९५ च्या आवृत्तीत आली आणि घरोघरी पोहोचली.

यादी अपुरी असली की काय होते, याचा एक किस्सा जगप्रसिद्ध आहे. सहकार्य या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘को-ऑपरेशन’ काही जुन्या याद्यांत मध्ये जोडरेघ असलेलाच होता. कोणी तो सलग लिहिला, की यंत्र त्याऐवजी ‘कुपर्टिनो’ सुचवी. हे कॅलिफोर्नियातील एका गावाचे नाव! सुचवणी न वाचता मान्य करणाऱ्यांच्या कृपेने हे गाव युरोपीय संघाच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांतही जाऊन बसले. मूळ शब्द बरोबर होता. तो ‘सुधारला’ आणि वाक्याचा अर्थच गेला.

मराठीत तर या खोट्या चुका अधिकच निघतात. कोशात ‘घर’ हा एक शब्द. पण लिहिताना घराला, घरातून, घरापाशीच, घरातल्यांनाही अशी त्याची किती रूपे होतात! नुसती यादी करून ती संपणार नाहीत. म्हणून मूळ शब्द आणि प्रत्यय वेगळे ठेवून नियमांनी ते जोडावे लागतात. हंगेरियन भाषाही अशीच प्रत्ययबहुल. तेथील लास्लो नेमेत यांनी तयार केलेली ‘हनस्पेल’ ही प्रणाली याच पद्धतीने चालते आणि लिबरऑफिस, फायरफॉक्स ती वापरतात. परंतु नियम जेवढे भरले असतील तेवढेच तिला कळणार. एखादे सामान्यरूप राहून गेले, की शुद्ध शब्दाखाली रेघ आलीच.

आणखी एक गंमत पाहा. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकात दोन निरनिराळ्या सांकेतिक पद्धतींनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. यादीत एकच असेल, तर दुसरा अशुद्ध ठरतो. अशा वेळी कितीही डोळे ताणले, तरी चूक दिसणार नाही.

कधी कधी तर रेघ नियमाप्रमाणे बरोबर असते आणि तरीही शब्द बदलायचा नसतो. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार तेव्हा रद्द झाले. आजोबांची जुनी पत्रे कोणी टाइप करायला घेतली, तर ‘नांव’, ‘कांहीं’ अशा शब्दांखाली रेघा उमटतील. त्या पुसायच्या नादात पत्रातला काळच पुसला जाईल. तीच गोष्ट मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलींतल्या शब्दांची.

नावांचा प्रश्न याहून नाजूक. प्रमाणपत्रावर, लग्नपत्रिकेवर वा अर्जावर एखादे नाव यंत्राच्या सूचनेने बदलले, तर दुरुस्तीसाठी हेलपाटे त्या माणसाला घालावे लागतात. ब्रिटनमध्ये २०२४ साली ‘आय ॲम नॉट अ टायपो’, म्हणजे ‘मी टंकनदोष नाही’, अशी मोहीमच निघाली. संगणक कंपन्यांनी आपल्या कोशांत सर्व समाजांतली नावे घ्यावीत, ही तिची मागणी होती.

मग करावे काय? तपासणी बंद करणे हा उपाय नव्हे. खऱ्या चुकाही ती दाखवतेच. प्रथम मजकुराची भाषा नीट निवडली आहे का, ते पाहावे. इंग्रजी कोश लावून मराठी तपासली, तर दुसरे काय होणार? आडनावे, गावांची नावे, व्यवसायातले शब्द आपल्या वैयक्तिक कोशात घालावेत. मात्र खात्री करूनच, कारण चुकीचा शब्द एकदा आत गेला, की यंत्र त्याबद्दल पुन्हा बोलत नाही. शब्द त्याच लेखापुरता असेल, तर ‘दुर्लक्ष करा’ एवढे पुरते. बोलीतला वा जुना उतारा असेल, तर तेवढ्या भागाची तपासणी बंद ठेवता येते. आणि यंत्राने न विचारता शब्द बदलण्याची जी सोय असते, ती नावांची यादी टाइप करताना बंद केलेली बरी.

रेघ नाही म्हणजे सारे बरोबर, असेही समजू नये. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. हे चारही शब्द शुद्ध असल्याने एकाच्या जागी दुसरा पडला, तर साधा तपासनीस गप्पच राहील. तेव्हा महत्त्वाचा कागद छपाईला जाण्यापूर्वी घरातल्या एखाद्या जाणत्या वाचकाच्या हाती द्यावा आणि त्यातली नावे ज्याची त्याला दाखवून घ्यावीत. दहा मिनिटांचे काम आहे. ते यंत्रावर सोपवू नये.