स्त्रियांचे चयापचय-आरोग्य आणि मूत्र-असंयम : एक दुर्लक्षित संबंध

प्रस्तावना :

इच्छा नसताना लघवी होणे यास मूत्र-असंयम असे म्हणतात. खोकताना, हसताना किंवा पाण्याची कळशी उचलताना काही थेंब निसटणे हा त्याचा ताणजन्य प्रकार होय. तर अचानक तीव्र भावना होऊन स्वच्छतागृह गाठेपर्यंत धीर न निघणे हा निकडीचा प्रकार होय. पुष्कळ स्त्रियांमध्ये दोन्ही एकत्र आढळतात. बाळंतपण आणि वाढते वय ही त्याची कारणे सर्वपरिचित आहेत, आणि म्हणूनच की काय, 'बाईच्या जातीला हे असायचेच' असे म्हणून विषय तेथेच संपविला जातो. प्रस्तुत लेखात या तक्रारीचा रक्तातील साखर व पोटावरील चरबी यांच्याशी असलेला संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. वय मागे नेता येत नाही, कंबरेचा घेर मात्र कमी करता येतो.

मौनाची पार्श्वभूमी :

डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत केलेली पाहणी 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ 8 टक्के होत्या. ती पाहणी मूत्र-असंयमाची नव्हती, पण स्त्रिया काय सोसतात आणि काय सांगत नाहीत, याचे मोजमाप तिने दिले. सुशिक्षित वर्गात हे मौन नाही, असे मानण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखिकेच्या एक ज्येष्ठ सहकारी सलग तीन तासिका असलेल्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नसत. त्यांना मधुमेह होता. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध त्यांनाही ठाऊक नव्हता आणि वर्गात मधुमेहाचा आहार शिकविणाऱ्या प्रस्तुत लेखिकेलाही नव्हता.

संबंध कसा घडतो :

पोटाच्या आत साठलेली चरबी मूत्राशयावर आणि त्यास खालून आधार देणाऱ्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर सतत दाब टाकते. बाळंतपणात आधीच ताणलेले हे स्नायू शिंकेचा जादा दाब पेलू शकत नाहीत. साखरेचे कार्य वेगळे आहे. रक्तातील साखर साधारणतः 180 मिलिग्रॅमच्या पुढे गेली की ती मूत्रपिंडातून लघवीत उतरते आणि येताना पाणी ओढून आणते. लघवीचे प्रमाण त्यामुळे वाढते. मधुमेह अनेक वर्षे अनियंत्रित राहिल्यास मूत्राशयाच्या नसा बधिर होतात, ते भरल्याची जाणीव उशिरा होते आणि पूर्ण रिकामे न होता ते ओसंडते. जंतुसंसर्गही वारंवार होतो. अशा वेळी पाणी कमी पिणे हा बहुतेकींना सुचणारा उपाय घातक आहे. घट्ट झालेली लघवी मूत्राशयास डिवचते आणि संसर्गास वाव देते. पैठण किंवा सिल्लोडहून भर मे महिन्यात एस.टी.ने घाटी रुग्णालयात येणारी स्त्री घोटभर पाणीही न पिता निघत असेल, तर तिचे दुखणे रस्त्यातच वाढते.

वजन घटविल्याने फरक पडतो काय, याचे उत्तर 2009 मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगाने दिले. 338 स्थूल स्त्रियांपैकी ज्यांनी आहार व व्यायामाने सहा महिन्यांत सरासरी 8 टक्के वजन कमी केले, त्यांच्यात आठवड्यातील असंयमाचे प्रसंग 47 टक्क्यांनी घटले. केवळ माहिती दिलेल्या गटात ही घट 28 टक्के होती. म्हणजे सत्तर किलोच्या स्त्रीने साडेपाच किलो कमी करणे एवढाच हा मामला आहे.

'मी तर बारीक आहे' असे म्हणून मात्र कोणी निश्चिंत होऊ नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये स्वतःचे व एका ब्रिटिश सहकाऱ्याचे उदाहरण मांडले होते. दोघांचा देहभार निर्देशांक 22.3 असा सारखाच होता. शरीरातील चरबी मात्र सहकाऱ्याची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के. भारतीय देह बारीक दिसूनही मेदयुक्त असू शकतो. म्हणून स्त्रियांनी वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जवळ करावी. कंबर 80 सेंटिमीटरच्या वर गेल्यास साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. उपवासाच्या नावाखाली आठवड्यातून दोनदा होणारी साबुदाण्याची खिचडीही या हिशेबात धरावी.

उपाययोजना :

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये सुचविलेला व्यायाम आजही पहिला उपचार मानला जातो. वायू रोखताना जे स्नायू आवळले जातात तेच आवळून काही सेकंद धरावेत व सैल सोडावेत. असे किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करावे. हा सराव लघवी करताना मध्येच थांबवून करू नये. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर टाकतात, तर रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते; तक्रार वाढल्यास औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. लघवीत रक्त दिसल्यास किंवा पायांत एकाएकी बधिरता आल्यास विलंब करू नये.

राहिला प्रश्न महाविद्यालयांचा. प्राध्यापिकांना सलग तिसरी तासिका न देणे आणि स्त्रियांच्या स्वच्छतागृहात पाणी व आतून लागणारी कडी असणे, यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.