गळ्यातला ताईत आणि सेगुला

एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी एक वस्ती वसवली आणि तिला बायबलमधले नाव दिले: बेथेल. बेथ म्हणजे घर, एल म्हणजे देव. राजूरच्या गणपतीला नवस बोलणाऱ्या आणि दर्ग्यावरून ताईत आणणाऱ्या आमच्या जिल्ह्याच्या तोंडी एक हिब्रू शब्द बसला, तो असा. मला आज सांगायचाय तो दुसरा हिब्रू शब्द, सेगुला. तो जालन्यात कुणी उच्चारत नाही, पण त्याचा अर्थ इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

सेगुला म्हणजे तोडगा, उतारा, गुणाची वस्तू. बेथलेहेमला बायबलमधल्या राहेलच्या कबरीभोवती गुंडाळून आणलेला लाल दोरा ज्यू लोक मनगटाला बांधतात, तो सेगुला. सुक्कोतच्या सणातल्या एत्रोग या महाळुंगासारख्या फळाचा मुरंबा गरोदर बाईला सुखरूप बाळंतपणासाठी देतात, तोही सेगुला. गंमत अशी, की मूळ शब्दात यातले काहीच नव्हते.

बायबलच्या पहिल्या इतिहासग्रंथात दावीद राजा मंदिरासाठी राज्याच्या तिजोरीव्यतिरिक्त स्वतःजवळचे सोने-चांदी देतो. त्या स्वतःच्या साठ्याला सेगुला म्हटले आहे. जुन्या अक्कादी भाषेतल्या ‘सिकिल्तु’ या नात्यातल्या शब्दाचा अर्थही स्वतःसाठी बाजूला जमवलेली चीज असाच. आजी डब्यात तळाशी पैसे ठेवायची ना, तसे. निर्गम ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात देव इस्राएल लोकांना म्हणतो, की करार पाळलात तर सगळ्या लोकांत तुम्ही माझी सेगुला व्हाल. म्हणजे त्याच्या गळ्यातला ताईत!

मग ठेवा असलेला शब्द तोडगा कसा झाला? यात अरबीचा हात आहे. मध्ययुगात वैद्यकाचे आणि तत्त्वज्ञानाचे ग्रंथ अरबीतून हिब्रूत आले. लोहचुंबक लोखंड ओढतो, पण उष्ण-शीत, कोरडे-ओले या गुणांनी त्याचा उलगडा होत नाही. अशा अंगभूत शक्तीला अरबीत ‘खास्सिया’ म्हणत. आपली ‘खासियत’ तीच. तिच्यासाठी भाषांतरकारांनी सेगुला हा शब्द वापरला. खास ठेवा, मग खास गुण, मग कारण न कळता लागू पडणारा उपाय, अशी ही घसरण.

हे कोडे आपल्या वैद्यांनाही पडले होते. चित्रक आणि दंती या वनस्पती घ्या: दोन्ही तिखट, दोन्ही उष्ण, दोन्हींचा विपाक, म्हणजे पचनानंतरचा रसही सारखा. पण रेच होतो तो दंतीने. चरकसंहितेने याला ‘प्रभाव’ म्हटले आणि अंगावर धारण करायच्या मण्यांचे परिणामही त्याच खात्यात टाकून तो अचिंत्य ठरवला. आजही आपण म्हणतो, ‘त्यांच्या हाताला गुण आहे.’ हा गुण म्हणजे मराठी सेगुलाच.

ताईत हा शब्दही अरबीच, ‘तावीज’चा मराठी अवतार. पण त्याचा प्रवास नेमका उलटा. हिब्रूत लाडका ठेवा तोडगा झाला. मराठीत तोडगा लाडका माणूस झाला. उसनवारी दुसऱ्या बाजूनेही झाली: कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंनी तर नवस हा शब्दच आपला केला. एलियाहू हन्नबीला, म्हणजे बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याला नवस बोलायचा, फेडताना पोहे, खोबरे आणि साखरेचा मलिदा करायचा. त्याच्या रथाची खूण म्हणून अलिबागजवळच्या खंडाळ्याचा खडक दाखवतात.

ज्यू धर्मपंडित या सगळ्याला डोळे झाकून मान डोलावत होते असे मात्र नाही. कोल्ह्याचा दात, टोळाचे अंडे अंगावर बाळगावे का, यावर मिश्ना या जुन्या ज्यू नियमग्रंथात सरळ दोन मते नोंदली आहेत. बाराव्या शतकातला मैमोनिदेस तर दाराच्या चौकटीवर लावायच्या धर्मवचनांच्या गुंडाळीत, म्हणजे मेझुझात, देवदूतांची नावे घुसडणाऱ्यांवर फार चिडला. त्यांनी धर्माज्ञेचा ताईत केला, हा त्याचा राग. तालमुद या ज्यू धर्मग्रंथाने ताइताला कसोटीही घातली: तीनदा गुण आला तर तो खरा मानावा. कल्पना छान, पण माझ्या मते कसोटी कच्ची आहे.

का, ते काविळीवरून कळते. काही ज्यू घरांत काविळीच्या रोग्याच्या बेंबीवर कबुतर धरतात. आपल्याकडे काविळीची माळ घालतात. ओल्या काड्यांची ती माळ डोक्यावरून खाली उतरते आणि लोक म्हणतात, कावीळ उतरली. काड्या वाळतात, आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. निरोगी माणसाला घातली तरी लांबेल. आणि दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरी होते. तेव्हा तीनदा काय, तीसदाही गुण येईल.

पण पित्ताच्या खड्याने नळी अडली असेल, किंवा हेपटायटिस बी असेल, तर ते माळेला कळत नाही. गरोदरपणातली कावीळ तर जिवावर बेतू शकते. म्हणून एवढेच सांगतो: घरच्यांनी माळ घातली तर भांडू नका, पण डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या.