व्यावसायिक गालिचा स्वच्छता

व्यावसायिक गालिचा स्वच्छता म्हणजे गालिचे आणि खोलीभर बसवलेली कार्पेटे यांतील धूळ, तेलकट मळ, डाग व दुर्गंधी यंत्रे आणि रसायने यांच्या साहाय्याने काढून देण्याची सशुल्क सेवा होय. कार्यालये, हॉटेले, सभागृहे, चित्रपटगृहे आणि घरे येथे ही सेवा घेतली जाते. पद्धत व उपकरणे यांची निवड मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: धाग्याचा प्रकार, मळाचे स्वरूप आणि गालिचा वाळण्यासाठी मिळणारा वेळ. सर्व गालिच्यांना योग्य अशी एकच पद्धत नाही. चुकीच्या निवडीमुळे रंग पसरणे, लोकर आटणे, अस्तर कुजणे असे नुकसान होते आणि ते बहुधा भरून काढता येत नाही.

इतिहास

यंत्रे येण्यापूर्वी गालिचे दोरीवर टाकून काठीने झोडपले जात आणि उन्हात वाळवले जात. अमेरिकेतील मेलव्हिल बिसेल यांनी १८७६ मध्ये फिरत्या ब्रशाच्या, हाताने ढकलण्याच्या झाडणी यंत्राचे पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये हवा ओढून धूळ काढणारे यंत्र तयार केले. हे यंत्र घोडागाडीवर बसवलेले असे. गाडी रस्त्यावर उभी करून लांब नळ्या खिडक्यांतून घरात नेल्या जात. बूथ यांनी आरंभी यंत्रे विकण्याऐवजी स्वच्छतेची सेवा विकली, त्यामुळे आजच्या व्यवसायाचे ते एक आद्य रूप मानता येते. १९०२ मधील सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीमधील गालिचे याच यंत्राने साफ करण्यात आले. जेम्स मरे स्पँगलर यांना १९०८ मध्ये अमेरिकेत सुटसुटीत विद्युत व्हॅक्यूम क्लीनरचे पेटंट मिळाले. ते पुढे हूवर यांच्याकडे गेले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांची, यंत्रावर बनलेली कार्पेटे मोठ्या प्रमाणावर वापरात आली. ती जमिनीला चिकटवलेली किंवा ताणून बसवलेली असल्याने उचलून धुता येत नाहीत. त्यामुळे जागेवरच पाणी सोडून ते परत ओढून घेणाऱ्या यंत्रांचा प्रसार झाला.

मूलतत्त्व

गालिच्यातील मळाचा मोठा भाग कोरडा असतो: माती, वाळूचे कण, धागे, केस आणि त्वचेचे कण. वाळूचे कण लवेच्या मुळाशी साचून पावलागणिक धाग्यांना घासतात व झिजवतात. हा मळ ओला झाला की त्याचा चिखल होतो. म्हणून कोणत्याही ओल्या पद्धतीपूर्वी कसून कोरडे व्हॅक्यूम करणे ही पहिली पायरी मानली जाते. उरलेला मळ तेलकट असतो आणि तो सुटण्यासाठी रसायन लागते.

जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिन्नर यांनी १९५९ मध्ये स्वच्छतेचे चार घटक सांगितले: रसायन, यांत्रिक घर्षण, तापमान आणि वेळ. यांपैकी एक घटक कमी केल्यास इतरांपैकी काही वाढवावे लागतात. लोकरीच्या गालिच्यावर फार गरम पाणी व जोरकस घर्षण वापरता येत नाही. तेथे सौम्य रसायनाला अधिक वेळ द्यावा लागतो. तेलकट पॉलिप्रोपिलीन कार्पेटावर रसायन, घर्षण व उष्णता तिन्ही वाढवता येतात.

धाग्याची ओळख

* लोकर: आर्द्रता पुष्कळ शोषते, वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प घेऊनही हाताला ओली लागत नाही. उष्णता, ओल व घर्षण एकत्र आल्यास ती आटून नमद्यासारखी घट्ट होते. तीव्र अल्कधर्मी द्रावणाने तिला इजा होते आणि क्लोरीनयुक्त विरंजकात ती विरघळते. प्रथिने विघटित करणारी विकरे लोकर व रेशमावर वापरू नयेत, कारण हे धागेही प्रथिनांचेच बनलेले असतात.
* नायलॉन: टिकाऊ व लवचीक, दाबली गेलेली लव पुन्हा उभी राहते. परंतु खाद्यपदार्थांतील रंगाचे डाग त्यावर सहज धरतात.
* पॉलिप्रोपिलीन: पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे लवकर वाळते. मात्र तेल धरून ठेवते. जड वस्तू ओढल्यास घर्षणाच्या उष्णतेने धागा वितळून चकाकणारी रेघ उमटते.
* व्हिस्कोज: रेशमासारखे दिसते, परंतु ओले झाल्यावर दुबळे होते, पिवळसर पडते आणि लव चपटी होते. त्यासाठी पाणी शक्य तितके कमी वापरले जाते.
* ताग व सुती अस्तर: फार वेळ ओले राहिल्यास त्यातील तपकिरी द्रव्य लवेच्या टोकाशी येऊन डाग पडतात.

ओळख पटवण्यासाठी कडेचे काही धागे काढून जाळून पाहतात. लोकर जळलेल्या केसांसारखा वास देते व तिची राख चुरगळते. नायलॉन व पॉलिप्रोपिलीन वितळून कठीण मणी बनतो. रंगाच्या पक्केपणासाठी वापरायचे द्रावण लपलेल्या जागी लावून पांढरे फडके काही मिनिटे दाबून ठेवतात. फडक्यावर रंग आल्यास ओली पद्धत टाळली जाते.

पद्धती

*गरम पाण्याने निष्कर्षण.* या पद्धतीला ‘वाफेची सफाई’ असेही म्हणतात, पण प्रत्यक्षात वाफ नव्हे तर गरम पाणी वापरले जाते. आधी अपमार्जकाचे द्रावण फवारून काही मिनिटे मुरू देतात, ब्रशाने घोळतात, मग दाबाने पाणी सोडून त्याच क्षणी ओढून घेतात. मळ गालिच्याबाहेर काढण्याच्या दृष्टीने ही पद्धत प्रभावी आहे. वाळण्यास लागणारा जास्त वेळ ही तिची मर्यादा होय.

*आवरण पद्धत.* द्रावणातील बहुवारिक मळाभोवती आवरण तयार करते. वाळल्यावर त्याचे ठिसूळ कण बनतात व व्हॅक्यूमने निघून येतात. पाणी कमी लागत असल्याने गालिचा एक-दोन तासांत वापरता येतो. कार्यालयांच्या नियमित देखभालीसाठी ती सोयीची आहे. फार मळलेल्या गालिच्याला अपुरी पडते.

*पॅड पद्धत.* फिरत्या यंत्राखाली द्रावणात भिजवलेले कापडी पॅड लावून वरचा मळ टिपला जातो. काम झटपट होते, परंतु मुळाशी असलेला मळ तसाच राहतो. पॅड वेळच्या वेळी न बदलल्यास मळ केवळ पसरतो. लांब लवेच्या गालिच्यावर चक्राकार खुणा उमटतात.

*शॅम्पू पद्धत.* फिरत्या ब्रशाने फेस घोळला जातो. घर्षण चांगले मिळते, पण फेसाचा चिकट अंश मागे राहिल्यास त्यावर नवी धूळ लवकर बसते.

*कोरड्या चुऱ्याची पद्धत.* द्रावणाने किंचित ओलावलेला चुरा लवेत घोळून नंतर व्हॅक्यूमने काढतात. पाणी सहन न होणाऱ्या गालिच्यांसाठी आणि जागा बंद ठेवता येत नसेल तेथे ती उपयुक्त ठरते.

उपकरणांची निवड

निष्कर्षण यंत्रे दोन प्रकारची असतात. गाडीवर बसवलेली यंत्रे वाहनाच्या किंवा स्वतंत्र इंजिनावर चालतात व अधिक उष्णता आणि ओढ देतात. मात्र नळ्या पोहोचतील इतकी गाडी इमारतीजवळ उभी करावी लागते. उंच इमारतींत व दाट वस्तीच्या शहरांत ते अनेकदा शक्य नसते. हाताने ढकलण्याची यंत्रे उद्वाहनातून नेता येतात.

यंत्र निवडताना पंपाच्या दाबाची जाहिरात अधिक होते. प्रत्यक्षात ओढण्याची क्षमता अधिक महत्त्वाची असते. समजा, २० चौरस मीटर गालिच्यावर ३० लिटर पाणी सोडले. यंत्राने ९० टक्के पाणी परत ओढल्यास ३ लिटर मागे राहते. ७० टक्केच ओढल्यास ९ लिटर, म्हणजे तिप्पट. दाब वाढवून ओढ न वाढवल्यास पाणी अस्तरापर्यंत उतरते.

ओढीची दोन मापे असतात. पाणी उचलण्याची उंची निर्वाताचा जोर दाखवते आणि हवेचा प्रवाह पाणी वाहून नेण्याची क्षमता दाखवतो. दोन मोटारी एकापुढे एक जोडल्यास जोर वाढतो, समांतर जोडल्यास प्रवाह वाढतो. नळी जितकी लांब व अरुंद, तितका प्रवाह घटतो.

विजेचा हिशेब आधी करावा लागतो. भारतातील २३० व्होल्ट पुरवठ्यावर १६ ॲम्पिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त सुमारे ३,६८० वॅट आणि ६ ॲम्पिअरच्या सॉकेटमधून सुमारे १,३८० वॅट मिळतात. १,२०० वॅटच्या दोन मोटारी व २,००० वॅटचा तापक मिळून ४,४०० वॅट होतात. असे यंत्र एका सॉकेटवर चालत नाही. दोन वेगळ्या परिपथांवरून दोन तारा घ्याव्या लागतात. अमेरिकी बाजारासाठी बनलेली १२० व्होल्टची यंत्रे येथे थेट जोडता येत नाहीत.

फिरत्या ब्रशाचा व्हॅक्यूम क्लीनर, फवारणी पंप, घोळण्याचे यंत्र आणि हवा फेकणारे पंखे हीही आवश्यक साधने आहेत. नवीन व्यवसायात एकाच महागड्या यंत्रावर सर्व भांडवल खर्च केल्यास वाळवण्याची साधने मागे पडण्याचा धोका असतो.

रसायने व डाग

बहुतेक तेलकट मळ आम्लधर्मी असल्याने अपमार्जक सौम्य अल्कधर्मी असतात. अखेरीस सौम्य आम्लधर्मी पाण्याने धुऊन गालिच्याचा सामू उदासीन पातळीजवळ आणतात. लोकरीसाठी सामू ७ च्या आसपासचीच द्रावणे निवडली जातात.

डागाचे रसायन न पाहता केलेली सफाई त्रासदायक ठरते. हळदीतील कुरकुमिन अल्कधर्मी द्रावणाने लालसर होते, त्यामुळे साबण लावताच हळदीचा डाग लाल पडतो. प्रकाशात मात्र हा रंग फिका होतो. चहाचा डाग अल्कधर्मी द्रावणाने गडद होऊ शकतो. त्यावर सौम्य आम्ल वापरतात. घासण्याऐवजी टिपणे हा सर्व डागांसाठी समान नियम आहे.

वाळवणे

खोलवर उरलेले पाणी वर चढताना विरघळलेला मळ लवेच्या टोकाशी आणते. त्यामुळे निघालेला डाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार बुरशी टाळण्यासाठी ओल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवणे आवश्यक असते. मुंबई व कोकणात पावसाळ्यात बाहेरची हवा दमट असते. अशा वेळी खिडक्या उघडल्याने वाळवणे लांबू शकते. त्याऐवजी खिडक्या बंद ठेवून वातानुकूलन किंवा आर्द्रताशोषक यंत्र व पंखे चालवणे, अथवा कमी पाण्याची पद्धत निवडणे योग्य ठरते.

हाताने विणलेले गालिचे

काश्मीर, भदोही-मिर्झापूर, जयपूर येथील गाठींचे गालिचे जागेवर साफ करण्याऐवजी कार्यशाळेत नेऊन धुतले जातात. मागील बाजूने धूळ झटकणे, रंगाची परीक्षा, थंड पाण्याने धुणे, लवेच्या दिशेने पाणी निथळणे आणि सपाट पसरून वाळवणे असा त्याचा क्रम असतो. रेशमी व जुन्या गालिच्यांचे काम अनुभवी कारागिराकडेच सोपवले जाते.

सुरक्षितता व मानके

ज्वलनशील द्रावके व्हॅक्यूम मोटारीजवळ वापरल्यास आग लागू शकते. ओल्या जमिनीवर काम होत असल्याने भूसंपर्कित जोडणी आणि गळती-प्रवाह रोधक परिपथ आवश्यक असतात. रसायनांच्या फवाऱ्यापासून बचावासाठी कामगारांना हातमोजे, चष्मा व वायुवीजन पुरवले जाते. यंत्रातील मळके पाणी पावसाळी गटारात न सोडता सांडपाण्याच्या वाहिनीत सोडले जाते. अमेरिकेत १९७२ मध्ये स्थापन झालेली आयआयसीआरसी ही संस्था प्रशिक्षितांना प्रमाणपत्रे देते. तिचे एस१०० हे मानक गालिचा स्वच्छतेसाठी संदर्भ म्हणून वापरले जाते.

हेही पाहा

* व्हॅक्यूम क्लीनर
* गालिचा
* लोकर
* अपमार्जक